रात्रपाळी कुणाच्या वाट्याला?



आज माइकसमोर बोलणारी एकटी दिसत असली, तरी हे बोलणं आम्हा तिघींचं आहे. काल रात्री फोनवर तिघींनी मिळूनच ते लिहून काढलं. म्हणून मी सगळीकडे ‘आम्ही’ म्हणणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आमच्यातली थोरली साताऱ्याची. वय ४४, तंत्रनिकेतनात शिकवते. मधली पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं, म्हणजे टेस्टिंगचं काम करते. धाकटी कोल्हापूरची. बाळंतपणानंतर तिची नोकरी तीन वर्षं सुटली होती, आता ती घरूनच एका लहान कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहिते. आमची ओळख झाली ती सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमात. नोकरी करणाऱ्यांसाठीचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम. वर्ग शनिवारी आणि रविवारी सकाळी ८ ते १०. म्हणजे बरोबर घरातल्या नाश्त्याच्या वेळी. माइक बंद ठेवायचा, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आणि त्याच वेळी पडद्यावरचं गणितही उतरवून घ्यायचं, असे ते वर्ग. पहिले सात महिने आम्ही एकमेकींना फक्त पडद्यावरच्या चौकोनात पाहिलं होतं.

तिसऱ्या सहामाहीत आम्हाला एक विषय होता, कॉम्प्युटेशनल इंटेलिजन्स. मराठीत संगणकीय बुद्धिमत्ता म्हणता येईल. नाव ऐकून आम्ही आधी घाबरलोच होतो. पण शिकायला लागल्यावर कळलं की यातल्या बऱ्याच कल्पना आपण स्वयंपाकघरात आणि शेतात रोज बघत आलोय. आज त्यातलं थोडं सांगायचंय. आणि एका वेळापत्रकाची गोष्टही सांगायचीय. त्या वेळापत्रकानं आम्हाला जे शिकवलं, ते पुस्तकात नव्हतं.

आधी विषय काय ते बघू.

संगणकाला नेहमी हो किंवा नाही, शून्य किंवा एक, एवढंच कळतं, असं आपण ऐकतो. पण तुम्ही दुधाला विरजण लावता तेव्हा दूध कसं लागतं? कोमट. आता कोमट म्हणजे नेमकं किती? अमुक अंशाला कोमट, आणि एक अंश कमी झाला की लगेच गार, असं काही नसतं. थोडं कोमट, बरंचसं कोमट, जास्तच गरम, असं आपलं बोट सांगतं. लोत्फी झादेह नावाच्या शास्त्रज्ञांनी १९६५ साली हेच गणितात मांडलं. एखादी गोष्ट ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच न म्हणता, ती किती प्रमाणात आहे हे शून्य ते एकच्या दरम्यानच्या आकड्यानं सांगायचं. हे दूध ०.८ इतकं कोमट आहे, असं. याला फझी लॉजिक म्हणतात. जपानमधल्या सेंदाई शहरात १९८७ साली भुयारी रेल्वे सुरू झाली. गाडी सुरू करताना आणि थांबवताना उभ्या प्रवाशांना हिसका बसू नये, यासाठी तिच्या नियंत्रणात हेच तंत्र वापरलं होतं. 

दुसरं तंत्र न्यूरल नेटवर्क. मेंदूतल्या पेशींवरून सुचलेलं. त्याची पहिली गणिती मांडणी १९४३ सालची आहे. नवी सून पहिल्यांदा भाकरी करते, भाकरी चिरते. मग पाणी थोडं वाढव, पीठ जरा जास्त मळ, तवा अजून तापू दे, असं चुकीवरून एकेक गोष्ट थोडी थोडी बदलत हात बसतो. हे जाळंही तसंच शिकतं. उत्तर किती चुकलं ते बघायचं आणि आतली ‘वजनं’ थोडी थोडी बदलायची. हल्ली प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारी यंत्रं आलीत ना, त्यांच्या पोटातही अशीच, पण प्रचंड मोठी जाळी असतात.

तिसरं तंत्र मुंग्यांचं. साखरेचा डबा कुठंही लपवा, मुंग्यांची रांग त्याला बरोबर गाठते, तीही जवळच्या वाटेनं. मुंगी जाताना वाटेवर वास सोडत जाते. जवळच्या वाटेवर ये-जा लवकर होते, म्हणून तिथला वास दाट होतो. लांबच्या वाटेवरचा वास उडून जातो. मार्को दोरिगो यांनी १९९२ साली आपल्या प्रबंधात यावरून संगणकाला जवळची वाट शोधायची रीत दिली.

आणि चौथं, ज्याच्याशी आमची खरी गाठ पडली, ते जेनेटिक अल्गोरिदम. जॉन हॉलंड यांचं यावरचं मूळ पुस्तक १९७५ सालचं. आपल्या आज्या काय करायच्या? ज्वारीची मळणी व्हायच्या आधी चांगली भरलेली कणसं वेगळी काढून बियाण्यासाठी ठेवायच्या. पुढच्या वर्षी त्यातून उगवलेल्यातली पुन्हा चांगली निवडायच्या. हे तंत्र उत्तरांची अशीच निवड करतं. आधी कशीही, वाटेल तशी शंभर उत्तरं तयार करायची. प्रत्येकाला गुण द्यायचे. चांगली उत्तरं ठेवून त्यांच्या जोड्या लावायच्या. अर्धा भाग या उत्तराचा, अर्धा त्या उत्तराचा घेऊन नवं उत्तर करायचं. मधूनच एखाद्या ठिकाणी मुद्दाम छोटा बदल करायचा, म्हणजे सगळी उत्तरं एकाच साच्याची होत नाहीत. अशा शेकडो पिढ्या गेल्या की चांगलं उत्तर हाती येतं. सगळ्यात चांगलंच येईल, याची मात्र खात्री नाही.

‘सॉफ्टवेअरवाल्यांना हे कशाला?’ असं मधलीच्या सासूबाईंनी विचारलं होतं. मधलीचं उत्तर असं : आमच्या कंपनीत हजारो चाचण्या असतात. एका रात्रीत सगळ्या चालवता येत नाहीत. मग आधी कुठल्या चालवायच्या, म्हणजे चूक लवकर सापडेल? त्याचा क्रम लावायला हीच तंत्रं वापरतात. २००१ सालापासून सॉफ्टवेअर अभियांत्रिकीत या कामाला स्वतःचं वेगळं नावही मिळालंय.

आता वेळापत्रकाची गोष्ट.

सहामाहीच्या शेवटी तिघींनी मिळून एक प्रकल्प करायचा होता. मॅडमनी सांगितलं, ‘खऱ्या माणसांचा खरा प्रश्न घ्या.’ मधलीच्या नणंदबाई एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात इनचार्ज सिस्टर आहेत. मधली त्यांना वन्सं म्हणते, म्हणून आम्हीही वन्संच म्हणू. त्यांच्या वॉर्डात १२ नर्स. दर चार आठवड्यांनी वन्सं रजिस्टर, पट्टी, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसतात. कुणाला मॉर्निंग, कुणाला इव्हिनिंग, कुणाला नाइट, कुणाला ऑफ. एक सबंध रविवार त्यात जातो आणि त्यानंतरचे दोन दिवस तक्रारी ऐकण्यात.

आम्ही हिशेब केला. १२ नर्स, २८ दिवस, म्हणजे ३३६ चौकटी. प्रत्येक चौकटीत चारांपैकी एक गोष्ट भरायची. तर असं वेळापत्रक किती प्रकारांनी भरता येईल? तो आकडा २०३ अंकी आहे. सगळ्या दिसणाऱ्या विश्वातले अणू मोजले तर तो आकडा ऐंशी-एक्याऐंशी अंकी येतो, असं म्हणतात. म्हणजे एकेक वेळापत्रक तपासत बसलं तर कुठल्याच संगणकाला ते जन्मात जमणार नाही. वन्सं मात्र खोडरबर घेऊन एका रविवारात ते जमवतात! त्यांच्याबद्दलचा आमचा आदर तिथंच वाढला.

वन्संना नियम विचारले. रोज मॉर्निंगला ४, इव्हिनिंगला ३ आणि नाइटला २ जणी हव्यातच. आठवड्याला एक ऑफ हवा. नाइट संपल्यावर त्याच दिवशी मॉर्निंग किंवा इव्हिनिंग नको. हे मोडायचेच नाहीत असे नियम. त्यातला एक मोडला की १००० गुण दंड. मग प्रत्येकीकडून एक फॉर्म भरून घेतला. त्यात विचारलं होतं : तुम्हाला कुठली पाळी नको? पर्याय चार : मॉर्निंग नको, इव्हिनिंग नको, नाइट नको, काहीही चालेल. जिला जी पाळी नको ती दिली गेली, तर प्रत्येक वेळी १ गुण दंड. एकूण दंड जितका कमी, तितकं वेळापत्रक चांगलं.

फॉर्म भरून आले. दहा जणींनी ‘नाइट नको’ लिहिलं होतं. दोघींनी लिहिलं, ‘काहीही चालेल’.

प्रोग्रॅम धाकटीनं लिहिला. शंभर वेळापत्रकं, पाचशे पिढ्या. तिच्या जुन्या लॅपटॉपवर एकदा चालवायला वीस मिनिटं लागायची. पहिल्या पिढीत दंड हजारोंच्या घरात. मग आलेख जो उतरायला लागला, तो घाट उतरल्यासारखा. बुधवारी रात्री एक वाजता धाकटीनं निरोप पाठवला : ‘दंड ११!’ एकही सक्तीचा नियम मोडलेला नाही. चार आठवड्यांच्या वेळापत्रकात फक्त अकरा वेळा कुणाला तरी नको असलेली पाळी. आम्ही तिघी तीन गावांत त्या मध्यरात्री अक्षरशः नाचलो. अहवाल रविवारी रात्री बारापर्यंत द्यायचा होता.

गुरुवारी संध्याकाळी मधलीनं वेळापत्रक वन्संना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बोट ओळींवरून फिरवलं आणि दोन ओळींवर थांबवलं.

‘हिला २३ नाइट? आणि हिला २२?’

आम्ही बघितलं. खरंच की. महिन्याच्या एकूण ५६ नाइट. त्यातल्या ४५ दोघींच्याच वाट्याला. उरलेल्या ११ बाकीच्या दहा जणींत. दोघी त्याच, ‘काहीही चालेल’वाल्या.

मधली म्हणाली, ‘पण वन्सं, नियम एकही मोडलेला नाही. आणि त्यांनी स्वतःच लिहिलंय, चालेल म्हणून.’

वन्संनी चष्मा काढला. ‘यातली एक नवीन लागलेली पोरगी आहे. अजून कन्फर्म झालेली नाही. ती कशालाही नको म्हणेल का? दुसरीचा नवरा गेला. घरी कुणी वाट बघणारं नाही असं सगळे धरूनच चालतात, आणि तीही आता तसंच म्हणते. चालेल म्हणणारीला चालतंच असं नसतं गं.’

‘मग लागोपाठ इतक्या नाइट द्यायच्या नाहीत, हा नियम तुम्ही आम्हाला का नाही सांगितला?’

‘सांगायला कशाला हवा? कुठला माणूस देईल एकीला २३ नाइट?’

मैत्रिणींनो, या एका वाक्यात आमचा अख्खा विषय आला. माणसाला जे सांगावं लागत नाही, ते यंत्राला सांगावंच लागतं. आपण ज्याला ‘चांगलं’ म्हणतो, त्याचा हिशेब यंत्राला आकड्यात द्यावा लागतो. याला फिटनेस फंक्शन म्हणतात. म्हणजे पारखायचं माप. यंत्र ते माप इमानानं वापरतं. मापात जे धरलं नाही, ते त्याच्या दृष्टीनं अस्तित्वातच नसतं. आम्ही दंडाची बेरीज कमी कर म्हटलं. बेरीज कमी करायचा सगळ्यात सोपा मार्ग कुठला? जी तक्रार करत नाही, तिच्यावर सगळं टाकायचं. तो मार्ग आमच्या प्रोग्रॅमनं पाचशे पिढ्यांत शोधून काढला. तो चुकला नव्हता. आमचं मापच खोटं होतं.

त्या रात्री आम्ही माप बदललं. लागोपाठ चारपेक्षा जास्त नाइट नकोत, हा सक्तीचा नियम घातला. आणि प्रत्येकीच्या नाइट मोजून त्यांचा वर्ग करायचा, मग त्या वर्गांची बेरीज कमी करायची असं ठरवलं. वर्ग का? ५ चा वर्ग २५, पण २३ चा वर्ग ५२९. एकीवर भार वाढला की दंड झपाट्यानं वाढतो, म्हणजे यंत्राला कुणा एकीच्या डोक्यावर सगळं टाकणं परवडत नाही. पहिल्या वेळापत्रकाची अशी बेरीज १०२६ होती. नव्याची आली २६४. त्यात आठ जणींना ५ नाइट आणि चौघींना ४. हिशेब चोख.

पण अडचण पुढंच होती. जुन्या मापानं, म्हणजे ‘नको असलेली पाळी किती वेळा’ या मापानं, नव्या वेळापत्रकाचा दंड ११ वरून ४६ वर गेला. अहवालात तोच आकडा मुख्य होता. उतरता सुंदर आलेख बिघडला.

शुक्रवारी रात्री तिघी पडद्यावर बसलो आणि पहिल्यांदाच भांडलो. मधली म्हणाली, ‘पहिलाच अहवाल देऊ. दंड ११, आलेख सुंदर. मॅडम काही रुग्णालयात जाऊन बघणार नाहीत.’ तिचंही खोटं नव्हतं. तिची कंपनी अर्धी फी परत देणार होती, पण ठरावीक श्रेणी मिळाली तरच. ती फी मुलाच्या शाळेच्या फीसाठी आधीच मनात धरलेली होती. थोरली म्हणाली, ‘उद्या हे वेळापत्रक खरंच कुणी तरी भिंतीवर लावलं तर? माझ्या विद्यार्थ्यांना मी हे कुठल्या तोंडानं दाखवू?’ आवाज चढले. धाकटी गप्प होती. मधलीनं विचारलं, ‘तुझं काय मत?’

धाकटी म्हणाली, ‘मला काहीही चालेल.’

तिचं तिलाच ते ऐकू आलं बहुतेक. आम्ही दोघी गप्प झालो. मग धाकटी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

प्रकल्पाच्या नियमानुसार प्रत्येकीनं किती तास काम केलं याची नोंद ठेवायची होती. आम्ही ती नोंद ठेवत होतो, पण कधी शेजारी शेजारी मांडून बघितली नव्हती. त्या रात्री बघितली. थोरलीचे २९ तास. मधलीचे ३४. धाकटीचे ६१. आणि त्यातले ४८ तास रात्री अकरानंतरचे. दिवसा मूल आणि नोकरी, म्हणून ती रात्री बसायची. प्रत्येक बैठकीत शेवटी उरलेलं काम कुणी घ्यायचं असा प्रश्न आला की ती म्हणायची, ‘मी करते, मला चालेल.’ आम्ही ‘बरं झालं बाई’ म्हणून फोन ठेवायचो. थोरलीनं नंतर कबूल केलं, ‘मी रोज साडेदहाला झोपत होते, आणि ती कधी झोपते हे एकदाही विचारलं नाही.’

मग धाकटीनं सांगितलं की तिनं अभ्यासक्रम सोडायचा ई-मेल लिहून ठेवलाय. पंधरा दिवसांपूर्वीच. फक्त पाठवला नव्हता, कारण आमचा प्रकल्प अर्ध्यावर अडकला असता.

नर्सच्या वेळापत्रकात २३ नाइट बघून आम्ही दचकलो होतो. आमच्या स्वतःच्या वेळापत्रकात तेच चाललं होतं, आणि ते दाखवायला वन्संसारखं कुणी नव्हतं.

वाद तिथंच संपला. दोन्ही वेळापत्रकं अहवालात घालायची ठरली. आधीचं ११ वालं, त्यात काय चुकलं, माप कसं बदललं आणि मग ४६ का बरं. लिहायचं काम थोरलीनं घेतलं, आलेख मधलीनं. धाकटीला शनिवारी रात्री लॅपटॉप उघडायची बंदी घातली. तिनं उघडला नाही म्हणते. आम्ही विश्वास ठेवलाय.

रविवारी रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी अहवाल गेला. गुण कसे पडले? पैकीच्या पैकी नाही. मॅडमनी गुण कापले, पण ४६ या आकड्यासाठी नाही. या तंत्रात नशिबाचा भाग असतो. प्रोग्रॅम प्रत्येक वेळी चालवला की उत्तर थोडं वेगळं येतं. म्हणून निदान तीसेक वेळा चालवून सरासरी बघायची असते. वेळ नव्हता म्हणून आम्ही तीनदाच चालवला होता. ते कापणं बरोबरच होतं. खाली मॅडमनी लिहिलं होतं की माप चुकलं होतं हे सांगणारा भाग या अहवालातला सगळ्यात उपयोगी भाग आहे. मधलीची श्रेणी थोडक्यात बसली. अर्धी फी परत मिळाली.

रुग्णालयाचं पुढं काय झालं तेही सांगतो. वन्संनी आमच्याकडून फॉर्म बदलून घेतला. ‘काहीही चालेल’ हा पर्यायच काढून टाकला. आता प्रश्न असा आहे : या चार आठवड्यांत कुठल्या तीन रात्री तुम्हाला नकोतच? तीन तारखा प्रत्येकीनं लिहायच्याच. ज्यांना ‘चालेल’ म्हणायची सवय होती, त्यांना पहिल्यांदा काही सुचेना. नवीन पोरगी फॉर्म घेऊन दोन दिवस फिरत होती. मग तिनं तीन तारखा लिहिल्या, पुढच्या परीक्षेच्या आदल्या तीन रात्री. दुसऱ्या बाईंनी लिहिल्या त्या मुलगा होस्टेलवरून घरी येतो त्या रात्री. म्हणजे घरी वाट बघणारं कुणी नसलं, तरी त्या स्वतः कुणाची तरी वाट बघत होत्या. हे कुणाला माहीतच नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

आता वन्सं आमच्या प्रोग्रॅमनं काढलेलं वेळापत्रक कच्चं म्हणून घेतात आणि वरून पेन्सिल फिरवतात. कुणाची सासू पडते, कुणाचं लग्न ठरतं, ते यंत्राला कुठून कळणार? पेन्सिल लागतेच. पण सबंध रविवार जायचा, तिथं आता तासाभरात काम होतं.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाला असं काही शिकावंसं वाटत असेल, तर चार व्यवहाराच्या गोष्टी.

एक, प्रवेश घ्यायच्या आधी त्या ऑनलाइन पदवीला मान्यता आहे का ते बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. नुसत्या जाहिरातीवर जाऊ नका. वर्ग कुठल्या वेळी, परीक्षा घरून की केंद्रावर, फी हप्त्यानं भरता येते का, हे लेखी विचारून घ्या.

दोन, आधी चाखून बघा. एनपीटीईएल आणि स्वयम् यांवर या विषयांचे अभ्यासक्रम शिकायला फुकट आहेत. प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी फी पडते. एक अभ्यासक्रम पूर्ण झाला की आपल्याला झेपतंय का ते कळतं.

तीन, गणिताला घाबरू नका, पण ते टाळूही नका. संभाव्यता, मॅट्रिक्स आणि थोडं कलन, एवढं उजळून घेतलं तर पुढचं जमतं. थोरलीनं २२ वर्षांनी कलनाचं पुस्तक उघडलं. आधी बारावीच्या भाचीकडून शिकली. त्यात लाज कसली? प्रोग्रॅमिंगसाठी पायथन भाषा पुरते.

चार, आणि ही आमची खास. शिकायचं ठरवलंत, तर घरातलं वेळापत्रक आधी कागदावर मांडा. कोण किती वाजता उठतं, कोण काय करतं, रात्री शेवटचा दिवा कोण मालवतं. प्रत्येकाचे तास लिहा आणि शेजारी शेजारी ठेवा. भांडायला नव्हे, बघायला. घराचं एकूण बरं चाललंय ना, एवढंच बघू नका. एकूण बेरजेत एकीच्या २३ नाइट लपून जातात, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. सगळ्यात जास्त भार कुणावर आहे, ते बघा.

या विषयात एक सिद्धान्त आहे, १९९७ सालचा. त्याचं नाव मजेशीर आहे, ‘फुकटचं जेवण कुठंच नाही’. अर्थ असा की सगळ्या प्रकारच्या प्रश्नांना सारखीच चांगली ठरेल अशी एक रीत नसते. प्रश्न बघून रीत निवडावी लागते. आमच्या घरी जे चाललं, ते तुमच्या घरी तसंच चालेल असं आम्ही म्हणणार नाही. धाकटीच्या घरी आता मंगळवार आणि गुरुवारी रात्री मुलाला झोपवायचं काम त्याच्या बाबांकडे आहे. पहिले आठ दिवस मूल रडलं. मग झोपायला लागलं. मधलीच्या घरी रविवारचा नाश्ता सासूबाईंनी स्वतःहून घेतला, पण पोहेच होतील असं बजावून. चालतंय. हे ‘चालतंय’ मात्र विचारून घेतलेलं आहे.

धाकटीनं तो ई-मेल पाठवला नाही. आमची शेवटची सहामाही सुरू आहे. जूनमध्ये परीक्षा. प्रकल्पाचं काम आम्ही आता तासांची नोंद समोर ठेवून वाटतो, आणि बैठकीत एक नियम केलाय. ‘मला काहीही चालेल’ हे उत्तर धरलं जात नाही. काय नको ते सांगायचं, मगच फोन ठेवायचा.

आज रात्री जेवताना तुमच्या घरी कुणी म्हणालं, ‘मला काय, काहीही चालेल’, तर एकदा थांबून पुन्हा विचारा. ते म्हणणारी तुम्ही स्वतःच असाल, तर स्वतःलाही विचारा.

आम्हा तिघींचा नमस्कार.